शिवणयंत्राचा कोपरा कोणाचा?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या मराठी घराची रचना पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ओसरी पुरुषांची, पडवी आल्यागेल्याची, देवघर देवाचे, कोठीची खोली धान्याची. स्वयंपाकघर बाईचे म्हणावे, तर तिथे ती राबते एवढेच. चूल केव्हा पेटायची आणि केव्हा विझायची, हे इतरांच्या भुकेवर ठरते. वाड्यातून चाळीत आणि चाळीतून सदनिकेत बिऱ्हाड आले, तरी हा हिशेब फारसा बदलला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत मुलाच्या अभ्यासाला कोपरा मिळतो, टीव्हीला भिंत मिळते. बाईच्या वाट्याला आपली म्हणावी अशी जागा येत नाही. अशा घरात एखाद्या दिवशी शिवणयंत्र येते, खिडकीखाली ठेवले जाते, आणि त्या घरात प्रथमच बाईच्या नावाचा एक कोपरा तयार होतो.

चार फूट लांब आणि तीन फूट रुंद असा हा कोपरा. त्यात यंत्र, त्याच्या खणात बॉबिन आणि सुया, भिंतीला खिळ्यावर टेप आणि कात्री, शेजारी बेतायला पाट किंवा पलंगाची कड. दिसायला क्षुल्लक, पण एका मोठ्या सामाजिक प्रश्नाचे उत्तर त्या कोपऱ्यात दडलेले आहे. तो स्वतंत्र कारागिराची कार्यशाळा आहे, की कुठल्यातरी दूरच्या कारखान्याचे शेवटचे, बिनभाड्याचे बाकडे आहे? यंत्र दोन्हीकडे तेच. बाईही तीच. भेद असतो तो कापड कोणाचे, दर कोणी ठरवला आणि वेळ कोणाच्या हाती, यात.

शिवणकाम हे आपल्याकडे स्त्रियांच्या स्वावलंबनाचे पहिल्या पिढीतले साधन आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा त्याच्या वर्गांत शिवणाला मानाचे स्थान होते. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना चार पैसे मिळवून देणारे, आणि त्या काळच्या समाजाला सहन होईल असे ते काम होते. सहन होईल, कारण त्यासाठी उंबरठा ओलांडावा लागत नसे. सुधारकांनी समाजाची ही मर्यादा ओळखून तिच्या आतच स्त्रीला वाट काढून दिली, हे त्यांचे शहाणपण. परंतु ज्या गुणामुळे हे काम प्रतिष्ठित ठरले, त्याच गुणामुळे ते अदृश्यही झाले. घरात बसून केलेले काम हे काम नव्हेच, ती फावल्या वेळातली करमणूक, असा समज रूढ झाला आणि तो आजतागायत टिकून आहे.

या यंत्राविषयी दोन थोर विचारवंतांनी केलेले चिंतन कार्यकर्त्यांनी एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहे. १८६७ मध्ये ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने शिवणयंत्राची मुद्दाम दखल घेतली. घरोघरी चालणारा उद्योग हा आता जुन्या स्वतंत्र कारागिरीचा अवशेष राहिलेला नाही. तो कारखान्याचाच बाहेर पसरलेला विभाग झाला आहे, आणि त्यात स्त्रियांचे व मुलांचे शोषण कारखान्यापेक्षाही निर्लज्जपणे होते, असे त्याचे निदान होते. कारण कारखान्यात कामगार एकत्र येतात, घरी प्रत्येक जण एकटा असतो.

त्यानंतर १९२४ मध्ये एका विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात गांधीजींनी यंत्रांविषयीच्या आपल्या विरोधातून शिवणयंत्राला अपवाद केले. सिंगरने पत्नीचे कष्ट पाहून हे यंत्र बनवले, अशी कथा त्यांनी सांगितली. इतिहासाला ती कथा मान्य नाही. सिंगरचे यंत्र १८५१ चे. त्याआधी फ्रान्समध्ये तिमोनिए आणि १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास हौ यांनी आपापल्या यंत्रांचे हक्क नोंदवलेले होते. परंतु कथा खरी नसली तरी गांधीजींचा निकष खरा आहे: यंत्राच्या केंद्रस्थानी माणूस हवा, लोभ नको. आणि अशी यंत्रे बनवायलाही कारखाने लागतीलच ना, असा प्रश्न पुढे आला, तेव्हा ते कारखाने राष्ट्राच्या मालकीचे अथवा नियंत्रणाखालचे असावेत, असे उत्तर त्यांनी दिले. एकाने या यंत्रातला धोका पाहिला, दुसऱ्याने त्यातली शक्यता पाहिली. आजच्या वस्त्यांत हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला दोन्ही एकाच गल्लीत दिसतात.

गल्लीच्या एका टोकाला जी बाई शिवते, तिच्याकडे गिऱ्हाईक स्वतः येते. ती माप घेते, मापवहीत लिहिते, खांदा उतरता आहे की पाठीला बाक आहे हे नजरेने टिपते. कापड कमी आले असेल तर बाहीला जोड कुठे दिला म्हणजे दिसणार नाही, याचा विचार करते. बाळंतविड्यासाठी झबले, टोपरे, कुंची आणि दुपटे शिवताना उरलेल्या खणाची किनार कुठे लावावी, हे तिला कोणी सांगत नाही. तिची तीच ठरवते. पिढ्यान्‌पिढ्या गोधडी शिवणाऱ्या बायकांनी जुनेरांच्या तुकड्यांतून रंगांची जी जुळणी केली, तिला कोणी कला म्हटले नाही आणि तिचे कोणी मोलही दिले नाही. ही बाई त्याच परंपरेतली. फरक इतकाच, की तिच्या निर्मितीला आता दाम आहे. तिने शिवलेले वस्त्र ती गल्लीतून जाताना कोणाच्या अंगावर पाहते. श्रमाचे फळ डोळ्यांसमोर राहणे, हा आनंद पगारात मोजता येत नाही, पण माणूस उभा राहतो तो त्याच्या बळावर.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या घरी सकाळी ठेकेदाराचा माणूस गठ्ठा टाकून जातो. त्यात बेतलेले तुकडे असतात: शंभर कॉलर, नाहीतर दोनशे खिसे. ही बाई आयुष्यात हजारो कॉलर शिवते. पुरा सदरा तिच्या हातून कधी होत नाही. सदरा कोणत्या दुकानात, काय किमतीला विकला जातो, हे तिला ठाऊक नसते. दर नगावर असतो आणि तो ठेकेदार सांगेल तो. टीप वाकडी गेली म्हणून नग नापास झाला, तर पैसे कापले जातात. यंत्र तिचे, धागा बहुधा तिचा, वीज तिची, खोलीचे भाडे तिचे आणि गठ्ठा ठेवायला अडवलेली जागाही तिचीच. कारखानदाराला शेड बांधावी लागत नाही, दिवे लावावे लागत नाहीत, संडास बांधावे लागत नाहीत, पाळणाघराचा प्रश्न येत नाही. भांडवलाने आपला खर्च तिच्या घरात नेऊन ठेवलेला असतो, आणि वर तिला सांगितले जाते की घरबसल्या पैसे मिळतात, मुलांकडे लक्ष राहते, आणखी काय हवे?

मुंबईच्या गिरणगावाने हे जवळून अनुभवले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांतला नियमित पगार थांबला. त्या काळात अनेक घरे खानावळीवर, पापडांवर आणि शिवणकामावर तगली. संपाच्या इतिहासात नेत्यांची भाषणे नोंदली गेली. रात्री शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून यंत्राखाली पोते घालून शिवणाऱ्या हातांची नोंद फारशी झाली नाही. ज्यांना ‘कामगाराची बायको’ म्हटले गेले, त्या स्वतः कामगार होत्या, हे चळवळीलाही उशिरा उमगले.

पहिल्या टोकाच्या बाईचे सारे आलबेल आहे, असेही कोणी समजू नये. तिचा शत्रू ठेकेदार नव्हे, तर हिशेबाचा अभाव. उदाहरणासाठी एक साधे गणित मांडता येईल. समजा, अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ३०० रुपये ठरली. अस्तर, धागा आणि हूक यांचे ८० रुपये गेले. वीज, तेल, सुया आणि यंत्राची झीज यांचे २० रुपये धरावेत. राहिले २००. आता वेळ मोजावा: माप घेणे, बेतणे, शिवणे, हातशिलाई, इस्त्री, आणि गिऱ्हाइकाने घालून पाहिल्यावर करायची दुरुस्ती, असे मिळून चार तास. म्हणजे ताशी ५० रुपये. बाई मात्र दिवसाअखेर ३०० रुपये मिळाले असे समजते, आणि शेजारच्या गल्लीत कोणी २५० घेते म्हणून स्वतःचा दर २४० वर आणते. त्या एका निर्णयाने तिचे ताशी उत्पन्न ५० वरून ३५ वर येते; म्हणजे दर एक पंचमांशाने उतरतो आणि मजुरी तीस टक्क्यांनी. कारण दर उतरला तरी अस्तर आणि धागा स्वस्त होत नाहीत. उतरते ती केवळ तिची मजुरी.

त्यात नात्यागोत्याचा जुलूम निराळा. “वहिनी, एवढी एक टीप मारून द्या,” असे म्हणत दिवसातून चार जणी येतात. सुताराला कोणी फुकट खुर्ची मागत नाही. शिवणाऱ्या बाईला मात्र पैसे मागताना संकोच वाटावा, अशीच तिची घडण केलेली असते. भिंतीवर दरपत्रक लावणे ही वरकरणी किरकोळ गोष्ट आहे. परंतु ज्या दिवशी ते लागते, त्या दिवशी तो कोपरा घराचा भाग न राहता कामाची जागा होतो.

जागेइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरातली बिनमोल कामे करणारी स्त्री त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते. अशी कामे करणारा पुरुष ९७ मिनिटे. आणि पुरुषांत अशी कामे करणारेच मुळात चारांत एक. म्हणजे शिवणाच्या कोपऱ्यात बसण्यापूर्वी बाईची जवळजवळ पाच तासांची पाळी होऊन गेलेली असते. मग ती दुपारी, इतरांच्या झोपेच्या वेळी, किंवा रात्री, इतरांची जेवणे आटोपल्यावर बसते. बेतायला उजेड हवा तो दिवसाचा, आणि तिला मिळते ती रात्र. कापड बेतताना दर दहा मिनिटांनी उठावे लागले तर कात्री चुकते, आणि चुकलेल्या कापडाची भरपाई तिच्याच पदरातून होते. घरातली माणसे तिच्या ठरलेल्या दोन तासांत तिला हाक मारणार नाहीत, एवढी साधी शिस्त जोवर पाळली जात नाही, तोवर कोपरा असूनही तो तिचा नव्हे.

हा प्रश्न एकेकट्या घराच्या शिस्तीने सुटणारा नाही, हे मात्र स्पष्ट आहे. त्यासाठी संघटना हवी, आणि संघटनेची उदाहरणे फार दूर शोधावी लागत नाहीत. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ची नोंदणी करायची ठरवली, तेव्हा या बायकांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध, असा सरकारी आक्षेप आला होता. संघटना कोणाविरुद्ध असण्यापेक्षा कोणासाठी आहे हे महत्त्वाचे, या आग्रहाने तो दूर झाला. १९७४ मध्ये सुमारे चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये भांडवल घालून आपली बँक काढली. त्याच शहरात गिरण्यांतल्या चिंध्यांपासून खोळी शिवणाऱ्या बायका व्यापाऱ्याकडून चिंधी घेत आणि त्यालाच खोळ देत. दर वाढवून मागितला तेव्हा काम बंद होण्याची पाळी आली. मग त्यांनी सहकारी मार्ग धरला आणि चिंधी थेट गिरण्यांकडून विकत घ्यायला सुरुवात केली. कच्चा माल हाती येताच दराची बोलणी बदलली. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या दारातून राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले. काम निराळे, पण धडा तोच.

कायद्याचीही एक वाट मळलेली आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येतच, बाहेर माल देऊन ज्याच्याकडून काम करवून घेतले जाते, अशा कामगाराचा समावेश होता. १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून स्पष्ट मान्यता दिली. त्या मान्यतेमागे सोलापूरसारख्या शहरांतल्या कामगार चळवळीचे बळ होते. पुढे सोलापूरजवळ कुंभारी येथे महिला विडी कामगारांची सुमारे दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये घरांच्या किल्ल्या बायकांच्या हाती आल्या. वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. जिचे घर हाच तिचा कारखाना, तिच्यासाठी घराचा हक्क आणि कामाच्या जागेचा हक्क हे एकच आहेत, हे तिथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विडी वळणाऱ्या हाताला जे मिळाले, ते कॉलर शिवणाऱ्या हाताला का मिळू नये?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरकामगारांविषयीचा, म्हणजे घरी राहून मालकासाठी उत्पादन करणाऱ्यांविषयीचा, १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराची व्याख्या आहे. परंतु व्याख्येने पोट भरत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांचे कर्ज अशी तिची तरतूद. तिचा लाभ अवश्य मिळवून द्यावा. पण त्या योजनेत एका कुटुंबातून एकालाच नोंदणी करता येते, ही अट डोळ्यांआड करू नये. नवरा गवंडी आणि बायको शिवणकाम करणारी असेल, तर कागदावर कारागीर कोण ठरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. कुटुंबाला एकक मानणारे प्रत्येक धोरण बाईला त्या एककाच्या मागे लपवते.

या ठिकाणी दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा, की घरगुती धंद्याला उत्तेजन म्हणजे बाईला पुन्हा चार भिंतींत कोंडणे. आक्षेपात तथ्य आहे. ज्या स्त्रीला कारखान्यात, शाळेत, कचेरीत जायचे आहे, तिला शिवणयंत्र देऊन घरी बसवणे हा अपराधच होय. परंतु ज्या लाखो स्त्रिया आज घरी शिवत आहेत, त्यांची वाट पाहत क्रांतीने थांबावे, आणि क्रांतीची वाट पाहत त्यांनी, ही भूमिका चळवळीला शोभणारी नाही. दुसरा आक्षेप असा, की स्वतःचे यंत्र आणि स्वतःचे गिऱ्हाईक म्हणजे छोटी मालकी, आणि समाजवाद्यांचा तिच्याशी काय संबंध? दुसऱ्याच्या श्रमावर जगणारी मालकी आणि स्वतःच्या श्रमाचे साधन आपल्या हाती असणे, यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याने समाजवादाचे पहिले पान पुन्हा वाचावे.

निवडणुकीच्या सुमारास शिवणयंत्रांचे वाटप हा आता सर्वपक्षीय विधी झाला आहे. मांडव पडतो, रांगेने यंत्रे मांडतात, छायाचित्र निघते. सहा महिन्यांनी पाहावे तर कित्येक यंत्रांवर चादर पडलेली, आणि त्यावर वह्या, दप्तर, इस्त्रीचे कपडे. यंत्र मिळाले, कोपरा, वेळ, हिशेब आणि बाजार मिळाला नाही. समाजवादी कार्यकर्त्याचे काम नेमके त्या मांडवाच्या पलीकडे सुरू होते.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वस्तीतल्या शिवणाऱ्या बायकांची घरोघर जाऊन यादी करावी आणि प्रत्येकीला चार प्रश्न विचारावेत: कापड कोणाचे, दर कोणी ठरवला, यंत्र कोणाच्या नावावर, आणि दिवसातले कोणते दोन तास तुमचे? उत्तरे वहीत आली, की पुढची कामे आपोआप दिसू लागतात. नगावर शिवणाऱ्यांनी एकत्र बसून किमान दर ठरवावा आणि त्याखाली गठ्ठा घेऊ नये. एकीने नाकारला तर ठेकेदार शेजारी जातो, वीसजणींनी नाकारला तर त्याला बोलणे भाग पडते. गिऱ्हाइकाचे काम करणाऱ्यांनी अस्तर, धागा आणि हूक घाऊक आणावेत. ओव्हरलॉकचे यंत्र दहाजणींत मिळून एक घ्यावे. ज्यांच्या घरी कोपरा निघतच नाही, त्यांच्यासाठी समाजमंदिराची खोली दुपारी उघडी असावी. शाळेच्या गणवेशांचे काम दूरच्या कंत्राटदाराऐवजी या बायकांच्या संस्थेला मिळावे, म्हणून नगरपालिकेत ठराव मांडावा. आणि पक्षाचे पुरुष कार्यकर्ते सभेहून घरी परततात, तेव्हा आपल्या घरातल्या यंत्रावर कोणाचे कपडे पडले आहेत, तेवढे त्यांनी पाहावे.

आणखी एक छोटे काम आहे, पण ते विसरू नये. प्रगणक दाराशी येतो आणि घरातल्या माणसांचा व्यवसाय विचारतो, तेव्हा बहुधा पुरुष उत्तर देतो: “ती घरीच असते.” आतून यंत्राचा आवाज येत असतो, तरी नोंद होते ती ‘घरकाम’ अशी. ते उत्तर बदलले पाहिजे, आणि ते त्या बाईने स्वतः दाराशी येऊन दिले पाहिजे: “मी शिवणकाम करते. हा माझा धंदा आहे.” ज्या दिवशी हे वाक्य तिच्या तोंडून सहज निघेल, त्या दिवशी खिडकीखालचा तो चार फुटांचा कोपरा खऱ्या अर्थाने तिचा झालेला असेल.